बैल बसेपर्यंत

हस्ताचा पाऊस आमच्याकडे आता गिरणीवरून कळतो. दुपारी तीनच्या सुमारास डोंगराकडून ढग वर येतात, कुठेतरी तारेवर काहीतरी होतं, आणि पहिला गडगडाट ऐकू येण्याआधीच गावातली पिठाची गिरणी थांबते. सकाळपासून कानात असलेला पट्ट्याचा आवाज एकदम नाहीसा झाला, की माणसं मान वर करून आभाळाकडे पाहतात. मीही पाहतो. त्यानंतर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो. ही सवय पंधरा वर्षांची आहे.

ज्या हंगामाबद्दल हे लिहितो आहे, तेव्हा आमच्या मळ्याकडे विजेचे खांब आलेले नव्हते. महाराष्ट्राला तिसरं वर्ष लागलं होतं आणि मला तिसावं. वीज होती ती फक्त हवेत, आणि ती मोजायचं काम माझ्याकडे होतं.

आमचं घर देऊळघाटचं, भाजीपाला करणारं. वांगी, मिरची, कोथिंबीर, आणि दसऱ्यापुरता झेंडू. मळा दादा बघायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, बळीराम. मी चार इयत्ता जास्त शिकलेला, म्हणून घरातलं लिहिणं-मोजणं माझ्याकडे आलं आणि त्यातूनच सरकारी पर्जन्यमापक आला. रोज सकाळी साडेआठला बरणीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं आणि आकडा लिहायचा. तेव्हा इंच जाऊन मिलिमीटर आले होते. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. पुष्कळ जण शून्य लिहीत नाहीत, जागा कोरी सोडतात. मी कधी कोरी सोडली नव्हती. तेवढ्यावरून माझं नाव त्या प्राध्यापकांपर्यंत गेलं.

ते आषाढात आले. कॉलेजात शिकवायचे, उन्हात लाल होणारे, बोलायला सौम्य. पाऊस, धुकं, वादळ यांमुळे जमिनीलगतच्या हवेतली वीज कशी बदलते, याचे एका हंगामाचे आकडे त्यांना हवे होते. मळ्याच्या वरच्या अंगाला मुरमाड उंचवटा आहे, तो त्यांनी पसंत केला. ओसरीवर चहा घेताना ते म्हणाले, "निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीपासून वर जावं तशी वीज वाढत जाते. प्रत्येक मीटरला शंभर-सव्वाशे व्होल्ट. तुम्ही इथे उभे आहात, तर तुमच्या पायाच्या आणि डोक्याच्या उंचीत जवळपास दोनशे व्होल्टचा फरक आहे."

वहिनी चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. सुभद्रा तिचं नाव. तिनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग पदराच्या टोकाकडे.

"मंग आमाले झटका काऊन लागत नाही, सायेब?"

"हवा वीज फार थोडी सोडते, बाई. झटका द्यायला पुरत नाही."

"कंजूस हाय म्हना की हवा. आमच्या भाऊजीसारखी."

भाऊजी म्हणजे मी. दादा खाली मान घालून हसला. प्राध्यापक पहिल्यांदा मोकळे हसले, आणि यंत्र आमच्याकडेच बसणार हे तेव्हाच ठरलं असावं.

यंत्र म्हणजे दोन बांबूंच्या मध्ये, जमिनीपासून एक मीटरवर ताणलेली एक तार. तारेच्या मधोमध हवेतली वीज टिपणारी, बोटभर रुंद एक चकती होती, तिला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. तिथून एक तार गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या खोपट्यात आलेली, आणि खोपट्यात एक लाकडी पेटी. पेटीला काच, काचेखाली काटा. काट्याखालच्या पट्टीच्या मधोमध शून्य, उजवीकडे तीस घरं आणि डावीकडे तीस. उजवीकडे म्हणजे निरभ्र दिवसाची वीज, डावीकडे म्हणजे उलटी. पेटीला दोन कळा होत्या. पहिली रोजची. दुसरी वादळाची, तिच्यावर प्रत्येक घर दहापट धरायचं. हे दहापट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघा आजही आहेत.

तो श्रावण-भाद्रपद आठवतो तेव्हा मला आधी कोळ्यांची जाळी आठवतात. वीज खाली जाऊ न देणाऱ्या ज्या काळ्या गुंडीवर तार टेकलेली असायची तिला कोळ्याचा एक धागा जरी लागला, तरी वीज त्या धाग्यावरून खाली उतरून जायची आणि काटा मेल्यासारखा शून्यावर पडायचा. म्हणून पहाटे उठून स्पिरिटच्या बोळ्यानं गुंडी पुसायची. दव पडलेलं, झेंडूच्या पानांचा उग्र वास, पैनगंगेकडून सरकत येणारं धुकं. धुकं आलं की काटा वर चढायचा, सहाचा नऊवर, दहावर. गावात चुली पेटल्या आणि धूर खाली बसला की आणखी एखादं घर. गावातल्या प्रत्येक चुलीचं काहीतरी त्या काट्यावर येत होतं. सूर्य वर आला, धूर पांगला, की काटा पुन्हा सहावर. रस्त्यानं गाड्या जाऊन धुरळा उठला तर खाली. मी हे सगळं लिहीत होतो. एवढ्या वर्षांत इतका सुखी मी नंतर कधी झालो असेन असं वाटत नाही, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

कंगव्याचा प्रसंग त्याच दिवसांतला. वहिनीनं बुलढाण्याच्या बाजारातून प्लॅस्टिकचा लाल कंगवा आणला होता. न्हाऊन, केस वाळवून ती गोठ्यापाशी विंचरत उभी होती. कोरडं ऊन होतं, केस कंगव्यामागे उठत होते, चटचट आवाज येत होता. ती तशीच खोपट्याच्या दारात आली आणि कंगवा तारेजवळ धरला. काटा एकदम डावीकडच्या टोकाला जाऊन आपटला.

"वहिनी, काय केलं!"

"काही नाही बाप्पा. कंगवा धरला." तिनं काचेत वाकून पाहिलं. "म्हंजे माह्या डोक्यातबी वीज हाय की हो, भाऊजी! तुमचे भाऊ म्हंतात, डोक्यात भुसा हाय."

मी रागावलो होतो. तरी आकडा आकडाच असतो, म्हणून नोंद केली: "४:१० — काटा डाव्या टोकास. वहिनीचा कंगवा. नोंद धरू नये."

वादळांचं वेगळं होतं. हस्तातले पाऊस आमच्याकडे दुपारचे येतात, आवाज करत. ज्वारी निसवलेली असते, कापसाची पहिली बोंडं फुटत असतात, डोंगरावर सीताफळं डोळे उघडत असतात, आणि अशा भरल्या दिवसात चारच्या ठोक्याला सगळं काळं होतं. ढग अजून दोन कोसांवर असला तरी काट्याला कळायचं. सहावरून तो उतरू लागायचा. पाच, तीन, शून्य. शून्यावर क्षणभर थांबायचा आणि डावीकडे निघायचा, मग मला कळ बदलायला लागायची. डोक्यावर ढग आला की दहापटीच्या कळीवरही तो वीस, पंचवीस, तिसाच्या टोकापर्यंत. वीज पडली की झटक्यात विरुद्ध बाजूला फेकला जायचा आणि परत चढू लागायचा. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि त्या गोंगाटात काचेखाली तो काटा अगदी शांतपणे हलत असायचा. मी दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचो. वही मांडीवर, घड्याळ वहीवर.

आमच्या घरात याआधी हे काम बैलाकडे होतं. ही रीत माझ्या आज्यापासूनची. विजा चमकू लागल्या की मळ्यातल्या सगळ्यांनी गोठ्यात यायचं, अंगणात पहार फेकायची, आणि बैल खाली बसून रवंथ करू लागेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबो, ऊन पडो. बैल उभा तर माणूस आत. तेव्हाचा बैल पवळ्या. पोळ्याला शिंगांना बसवलेल्या पितळेच्या शेंब्या दादा दिवाळीपर्यंत काढत नसे, आणि ढग डोक्यावर असताना त्या शेंब्यांतून बारीक सूं असा आवाज येतो हे मी स्वतः कान लावून ऐकलेलं आहे. प्राध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, शक्य आहे, टोकदार वस्तूतून वीज हवेत गळते. दादाला तेवढं पुरलं.

"पाह्य," दादा मला म्हणाला, "सायेबाचा काटा पेटीत, आपला काटा शिंगावर. आपला चाराच खाते फक्त."

पण हळूहळू काटा जिंकत गेला. बैल कधीकधी पाऊस थांबल्यावर अर्धा-पाऊण तास उभा राहायचा. भाजीच्या कामात पाऊण तास म्हणजे पुष्कळ. वहिनीनंच प्रथम विचारायला सुरुवात केली, "काय म्हणून राह्यला तुमचा काटा?" मी म्हणायचो, अजून डावीकडे आहे, किंवा आला उजवीकडे. आला म्हटलं की ती पदर खोचून निघायची. दादा मळ्यात असला तर ओरडायचा, बैल बसू दे म्हणून. नसला तर कोणी ओरडायचं नाही. त्या हंगामात असं चारदा झालं. चारही वेळा काही झालं नाही. आकड्यांवर विश्वास बसायला चार वेळा पुरतात. पुरू नयेत, पण पुरतात.

त्या दिवशी दादा मोटारीनं बुलढाण्याला वांगी घेऊन गेला होता. जाताना दारातून वहिनीला म्हणाला, "आभाळ बरं नाही आज. बैल बसल्याबिगर निंघजो नको." पवळ्याचा खूर दुखावलेला होता म्हणून तो दाव्याला होता. गोठ्यात आम्ही तीन जीव. वहिनी, पवळ्या आणि लागूनच्या खोपट्यात मी; मधे कुडाचं दार, ते उघडं. दादा-वहिनीचा मुलगा गणेश, सहा वर्षांचा, गावात माझ्या बायकोपाशी.

तीन वाजून पाच मिनिटांनी काटा शून्य ओलांडून डावीकडे गेला. तीन-वीसला पाऊस आला. मळ्याच्या खालच्या बांधावर बाभळ होती, तिला वहिनीची गाभण शेळी बांधलेली राहिली. पाऊस असा एकदम आला की तिला सोडायला कोणाला जाताच आलं नाही. शेळी ओरडत होती. पावसाचा जोर कमी झाला की ओरडणं ऐकू यायचं, वाढला की बुडून जायचं.

"भाऊजी, आला का काटा?"

"नाही. चोवीस आहे, डावीकडे."

"ते ओरडून राह्यली हो."

"ओरडू द्या. ओरडते म्हणजे जिवंत आहे."

हे मी हसत म्हटलं होतं.

चार-पंधराला पाऊस जवळजवळ थांबला. गडगडाट पूर्वेकडे, लांब गेला. पश्चिमेला ढगाखालून पिवळं ऊन निघालं आणि ओल्या मिरचीच्या रोपांवर पडलं. चार-वीसला काटा डावीकडे तीनवर होता. चार-पंचवीसला मी पाहिलं तर तो शून्य ओलांडून उजवीकडे, अकरावर. मी अकरा लिहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "आला. उजवीकडे आला."

वहिनी दारात आली. डोक्यावर पोत्याचा घोंगता घेतलेला. गोठ्याकडे वळून पाहून ती म्हणाली, "पवळ्या बसला नाही आजून. तुमचे भाऊ म्हनले होते…"

मी मान वरसुद्धा केली नाही. म्हणालो, "बैलाले काय वाचता येते? काटा उजवीकडं हाय म्हंतो ना मी. जा तुमी."

"तुमी म्हंता तं जाते बाप्पा," ती म्हणाली, आणि गेली. घोंगत्याखालून तिच्या टाचा दिसत होत्या, चिखलात उमटून लगेच पाण्यानं भरणारी पावलं दिसत होती.

त्या बांधापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. हे मी नंतर मोजलं. पुष्कळ वेळा मोजलं.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी वीज पडली. वर ढग म्हणावा असा उरला नव्हता, एक करडा पातळ थर होता. उजेड आणि आवाज एकाच वेळी आले. आणि इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी मी आजवर कुठेही लिहिलेली नाही. मी धावलो नाही. आधी मी काट्याकडे पाहिलं. सवयीनं पाहिलं. काटा डावीकडे एकोणीसवर होता. तो आकडा वाचून झाल्यावर मी धावलो.

ती बाभळीच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर पडलेली होती. अंगावर खूण जवळजवळ नव्हती. घोंगता बाजूला, हातात काही नाही. शेळी वाचली. का, ते कोणाला सांगता आलं नाही. बाभळीचं साल वरपासून खालपर्यंत एका पट्टीनं सोललं गेलं होतं आणि हवेत सल्फर जाळल्यासारखा वास होता. मी तिला हाका मारत होतो, आणि मागे गोठ्यात पवळ्या उभाच होता.

दादा संध्याकाळच्या मोटारीनं आला. अंगण माणसांनी भरलेलं होतं. तो तिच्यापाशी बसला, तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "मी सांगतलं होतं तुले. बैल बसल्याबिगर निंघजो नको. नाही ऐकलं ना?"

माझ्या तोंडात शब्द आला होता. आला होता, एवढं मी शपथेवर सांगेन. कोणीतरी मोठ्यानं रडलं, कोणी दादाला उचललं, आणि तो क्षण गेला. त्याच्यानंतर दुसरा दिवस, तिसरा, दहावा, तेरावा. प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा जड.

प्राध्यापक दसऱ्यानंतर यंत्र न्यायला आले. त्यांना एवढंच कळलं की घरात मृत्यू झाला आहे. त्यांच्यासाठी वहीची नक्कल करायची होती. आठ दिवस मी खोपट्यात बसून ती केली. नक्कल करताना माणूस प्रत्येक आकडा पुन्हा वाचतो, तसा मी वाचला. हंगामात अकरा वादळं झाली होती. त्यांपैकी आठ वादळांच्या शेवटी हेच झालेलं होतं: काटा डावीकडून येतो, शून्य ओलांडतो, उजवीकडे लांब जातो, दहा, बारा, चौदा, मग परत डावीकडे येतो, कधी एकदा, कधी दोनदा, आणि नंतर कुठे निवतो. माझ्याच हातची अक्षरं. प्रत्येक ओळ स्वच्छ. मी लिहून ठेवलं होतं आणि वाचलं नव्हतं. लिहिणं आणि वाचणं एकच, असं मी तिसाव्या वर्षापर्यंत समजत होतो. त्या चार वेळा आम्ही सुटलो होतो, एवढंच.

आणि ते दहापट. निरभ्र दिवशी काटा रोजच्या कळीवर सहावर असतो. त्या दिवशी चार-पंचवीसला कळ अजून वादळाचीच होती, आणि वादळाच्या कळीवर तो अर्ध्या घराच्या जरा पुढे असायला हवा. अर्ध्या. मी अकरा लिहिलं. अकरा म्हणजे निरभ्र दिवसाच्या जवळपास अठरापट वीज त्या मळ्यावर उभी होती. वादळ गेलेलं नव्हतं, त्यानं बाजू बदलली होती. मी बाजू पाहिली. आकडा पाहिला नाही. मी, जो शून्यसुद्धा गाळत नाही.

माघात प्राध्यापकांचं पत्र आलं. वादळ ओसरताना वीज अशी उलटसुलट होते हे इतरत्रही दिसलेलं आहे, पण इतक्या काळजीपूर्वक घेतलेल्या नोंदी आपल्याकडे दुर्मीळ, असं त्यात होतं. फक्त एका दिवशीच्या नोंदी चार-पंचवीसला का तुटल्या, ते कळवावं. मी उत्तर पाठवलं नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मी बैलाचीही नोंद ठेवली. पवळ्याची, पवळ्यानंतरच्या बैलाची. बैलही चुकतो. चार वेळा बैल बसल्यानंतर जवळपास वीज पडलेली आहे, म्हणून बैल शहाणा होता असं मी म्हणणार नाही. पण बैलानं कधी कोणाला जा म्हटलं नाही.

मला ज्याचा त्रास होतो ते मरण एकटं नाही. मरणाचं मी काहीतरी करून ठेवलं आहे, जसं प्रत्येकजण करतो. पण वहिनीच्या नावाचं जे झालं ते माझ्यासमोर झालं, वर्षाला थोडं थोडं. आधी दादा म्हणायचा, ऐकलं नाही तिनं. मग मळ्यात येणाऱ्या बाया म्हणू लागल्या. मग गावात ती म्हणच झाली. पावसात कोणी लेकरू दाराबाहेर पळालं तर आया ओरडतात, "सुभद्रेवानी करतं का बे?" ज्यांनी तिला पाहिलं नाही तेही म्हणतात. गणेश हेच ऐकत मोठा झाला. आई हट्टी होती, बाबाचं ऐकलं नाही, म्हणून गेली. ज्या बाईनं दारात उभं राहून, बैल बसला नाही, असं सांगितलं, तिचं नाव न ऐकण्यासाठी वापरलं जातं. आणि ते सांगू शकणारा एकच साक्षीदार जेवताना पाटावर बसून हे ऐकतो आणि भाकरी मोडतो. माझ्या बायकोलाही मी सांगितलं नव्हतं.

परवा दुपारी गिरणी थांबली तेव्हा मी मळ्यात होतो. दादा होता, आणि गणेशची बायको. तिला या घरात येऊन सहा महिने झालेत. आम्ही गोठ्यात आलो. दादानं अंगणात पहार फेकली. आताचा बैल चिखलीच्या बाजारातून आणलेला, पवळ्याशी त्याचं काही नातं नाही, तरी तोही उभा राहिला. तासभर पाऊस झाला. थांबला. ढगाखालून तेच पिवळं ऊन आलं. सूनबाईची चवळीच्या शेंगांची टोपली बांधावर राहिली होती. ती उठली.

"बस," दादा म्हणाला. "बैल बसू दे. तिच्यासारखं करू नको."

सूनबाई हसली. चांगली मुलगी आहे, मनात काही नव्हतं. म्हणाली, "मामाजी, या घरात आत्याबाईचं नाव घेतल्याबिगर पाऊस उघडतच नाही वाटते. इतकी कशी हो हट्टी बाई!"

दादानं खिसा चाचपला. विडी काढली, पेटवली नाही. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. साठीकडे आलेला हात, नखांत माती. मला वाटलं, हा माणूस असाच जाईल. पंधरा वर्षं बायकोवर रुसलेला जाईल. आणि माझ्यामुळे.

"दादा," मी म्हणालो, "तिले मी पाठवलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काटा उजवीकडं आला, जा म्हनलं मी. ते जाऊन नव्हती राह्यली. मी म्हनलं म्हनून गेली."

सूनबाई खाली बसली. बाहेर पत्र्यावरून थेंब पडत होते, मोजता येतील इतके सावकाश. दादानं हातातली विडी खाली ठेवली. त्यानं मला मारलं असतं तर मला चाललं असतं. त्यानं विचारलं, "कितीवर होता काटा?"

"अकरा."

"आन पाह्यजे किती?"

"अर्धा."

त्यानं मान हलवली. त्याला त्या आकड्यातलं काही कळलं असेल असं नाही. मग तो म्हणाला, "बैल?"

"उभा होता. तिनंच सांगतलं मले. बैल बसला नाही आजून, तुमचे भाऊ म्हनले होते, असं म्हनली. मी ऐकलं नाही."

"तिनं सांगतलं?"

"हाव."

"म्हंजे तिच्या ध्यानात होतं."

"होतं."

"माहं सांगनं ध्यानात होतं तिच्या," दादा पुन्हा म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे मी पाहिले. मग पाहिले नाहीत. माझ्याशी तो त्यानंतर एक शब्द बोलला नाही. आजही बोललेला नाही. ते बरोबर आहे.

आम्ही तिघं बसून राहिलो. ऊन गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं. लांब पूर्वेला एकदा गडगडलं. बैलानं कान हलवले, पुढचे पाय मुडपले, आणि अंग जमिनीवर टाकलं. थोड्या वेळानं त्याचा जबडा फिरू लागला.

"बसला," दादा सूनबाईला म्हणाला. "जाय आता. आन गन्याले सांग, गावातल्या बायाइलेबी सांग. सुभद्रेनं बैल पाह्यला होता."

संध्याकाळी दिवे आले, गिरणी सुरू झाली. मी घरातल्या लोखंडी ट्रंकेतून ती वही काढली. पानं पिवळी झाली आहेत, शाई टिकली आहे. आधी श्रावणातलं पान उघडलं आणि कंगव्याच्या ओळीतले "नोंद धरू नये" हे शब्द खोडले. मग त्या दिवसाचं पान. चार-पंचवीसला अकरा, आणि त्याखाली कोरी जागा. माझ्या सगळ्या वह्यांमध्ये मिळून तेवढी एकच कोरी जागा आहे. घड्याळ काढून वहीवर ठेवलं आणि लिहिलं:

४:२८. डावीकडे १९. बैल उभा. वहिनींनी सांगितलं होतं.